जुन्या इंग्लिश ग्राइंडरच्या पंपाचे गिअर नमुन्यावरून बनवायचे आहेत – मॉड्यूल २.७५ धरू का?

उद्यमबाग_लेथ

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा, मी आणि दोन कामगार. दोन लेथ, एक मिलिंग, एक सरफेस ग्राइंडर. बहुतेक फाउंड्रीवाल्यांचं जॉबवर्क असतं, त्यामुळे ड्रॉइंग आयतं हातात येतं. यावेळी तसं नाही.

मच्छेच्या एका गिऱ्हाइकाकडे जुनं इंग्लिश सिलिंड्रिकल ग्राइंडर आहे. त्याचं टेबल हायड्रॉलिकवर मागे-पुढे होतं. सकाळी मशीन थंड असताना ठीक चालतं, तासाभराने तेल तापलं की टेबल वळताना अडखळतं आणि प्रेशर चढत नाही. पंप काढून आमच्याकडे आणून दिलाय. साधा बाहेरून जुळणारा गिअर पंप आहे, दोन सारखे गिअर, सरळ दात. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालीय, त्यामुळे स्पेअरचा प्रश्नच नाही.

मी घेतलेली मापं, मिलिमीटरमध्ये: दात १२. बाहेरचा व्यास ३८.०५. फेस, म्हणजे गिअरची रुंदी, २५.३७. शाफ्ट १९.०२. बॉडीत बुशमध्ये दोन मँड्रेल (नेमक्या मापाच्या सळ्या) घालून दोन शाफ्टमधलं सेंटर अंतर काढलं, ३२.५८ आलं.

३८.०५ भागिले १४ (दात अधिक दोन) केलं तर २.७१८ येतं. टेबलमध्ये जवळचं मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं मेट्रिक माप, २.७५ आहे. बाबा म्हणाले, हॉब (गिअरचे दात कापायचं कटर) मागवायच्या आधी कुणाला तरी विचार. तर २.७५ धरू का? आणि कोणती मापं घ्यायची राहिलीत? हीच मशीनं शिनोळीकडेही दोन-तीन ठिकाणी आहेत, म्हणून चार-पाच सेट बनवावेत असा विचार आहे. त्यात कायद्याची काही अडचण येईल का?

सीएनसी_मच्छे

मापं कशाला घेत बसतोस, थ्रीडी स्कॅन करून घे. सगळी फाइल मिळते, वायर कटवाल्याला दिली की झालं.

अनगोळचा टूलरूमवाला

२.७५ धरू नकोस. हॉब मागवायच्या आधी विचारलंस हे चांगलं केलंस. बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझेच आकडे पुन्हा वाच, पण इंचात. फेस २५.३७ म्हणजे एक इंच, किंचित घासलेला. शाफ्ट १९.०२ म्हणजे पाऊण इंच, नवा असताना १९.०५. बाहेरचा व्यास ३८.०५ म्हणजे दीड इंच, ३८.१०. तिन्ही मापं एकच गोष्ट सांगतायत, की हे ड्रॉइंग इंचात काढलेलं आहे. अशा ड्रॉइंगवर मॉड्यूल नसतं, डीपी असतो, म्हणजे पिच व्यासाच्या एका इंचामागे किती दात. २५.४ ला डीपीने भागलं की मॉड्यूल येतं.

आता दीड इंच आणि बारा दात घे. साध्या सूत्राने १४ भागिले १.५, म्हणजे ९.३३ डीपी. असा डीपी कुणी वापरत नाही. याचा अर्थ साधं सूत्रच इथे लागू पडत नाही, आणि त्याचं कारण तुझ्या बारा दातांत आहे. वीस अंश प्रेशर अँगलच्या (दाताच्या बाजूचा कल) पूर्ण उंचीच्या दातांत सतरापेक्षा कमी दात घेतले की हॉब दाताचं मूळ खणून काढतो, दात बुडाशी बारीक होतो. पंपाला दात कमीच हवेत, कारण दात कमी आणि मोठे असले की तेवढ्याच जागेत तेल जास्त मावतं. म्हणून डिझाइन करणारा ब्लँक मुद्दाम मोठा घेतो आणि हॉब बाहेर सरकवून दात कापतो. त्याला आपण करेक्शन म्हणतो. करेक्शन दिलेल्या गिअरचा बाहेरचा व्यास मॉड्यूल सांगत नाही.

तुझ्या यादीतला सगळ्यात मोलाचा आकडा ३२.५८ आहे. बाकी सगळं इंचात गोल येतं, हा एकटाच येत नाही, १.२८२७ काहीतरी येतो. कारण तो कुणी ठरवलेला नाही, करेक्शनच्या गणितातून निघालेला आहे. त्याला हात लावू नकोस, गोल करू नकोस.

खरं मॉड्यूल काढायची वाट अशी. डिस्क मायक्रोमीटर घे, ज्याच्या जबड्यांना पातळ चकत्या असतात तो. आधी दोन दात धरून माप घे, मग तीन दात धरून. दोन्हींची वजाबाकी कर. ती वजाबाकी म्हणजे बेस पिच, म्हणजेच पाय (३.१४१६) गुणिले मॉड्यूल गुणिले प्रेशर अँगलचा कोसाइन. करेक्शन कितीही असू दे, ही वजाबाकी बदलत नाही. झीज सगळ्या दातांवर सारखी असेल तर तीही दोन्ही मापांत सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. उत्तर कुठे पडतं ते बघ:

१० डीपी, २० अंश – ७.४९८
१० डीपी, साडेचौदा अंश – ७.७२५
मॉड्यूल २.५, २० अंश – ७.३८०
मॉड्यूल २.७५, २० अंश – ८.११८

एकेकात दशांशाहून जास्त फरक आहे, मायक्रोमीटरवर गफलत व्हायला जागा नाही. एका जोडीवर थांबू नकोस, दात बदलून बदलून घे. तळाचा व्यासही घे. बारा दात म्हणजे खाचेसमोर खाच येते, सुरीसारख्या जबड्याचं व्हर्नियर आत जाईल.

आता झिजेबद्दल. नमुना हातात आला म्हणजे डिझाइन हातात आलं असं होत नाही. हातात असते ती वर्षानुवर्षं चाललेली वस्तू. प्रत्येक मापाला दोन प्रश्न विचारायचे: नवं असताना हे किती होतं, आणि हे माप इथे कशासाठी आहे. दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ड्रॉइंगवर आकडा चढवायचा नाही. आमच्या टूलरूममध्ये नमुन्याच्या ड्रॉइंगवर मोजलेला आकडा पेन्सिलने लिहायचे आणि ठरवलेला शाईने. ती पद्धत मी अजून सोडलेली नाही.

बॉडीच्या आत बोट फिरवून बघ. सक्शनच्या बाजूला पायरी लागेल. डिलिव्हरीकडचं तेल दोन्ही गिअरना सक्शनकडे ढकलतं आणि गिअरची टोकं तिथलं बीड (कास्ट आयर्न) खरवडतात. त्या जागी बोअर मोजलंस तर मोठं येईल, आणि त्या मापाने नवी बॉडी केलीस तर झीजच कॉपी केल्यासारखं होईल. डिलिव्हरीच्या बाजूला, जिथे चकाकी पडलेली नाही, तिथे मोज. शाफ्टही बुशमध्ये फिरणाऱ्या भागावर मोजू नकोस, कपलिंगच्या टोकाला मोज. स्कॅनवाल्या मित्रालाही हेच सांगायचं आहे. बॉडीचा बाहेरचा आकार, बोल्टच्या जागा, वाकडेतिकडे पोर्ट यांना स्कॅन उत्तम. पण स्कॅन ती पायरीसुद्धा इमानदारीने फाइलमध्ये उतरवतो. ती ठेवायची की काढायची, हे माणसाने ठरवायचं.

फेसचं माप तर फार जपून घे. गिअरचा फेस आणि बाजूच्या प्लेटमधली फट हा या पंपाचा जीव आहे. त्या फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. तेल तापून पातळ झालं की आणखी वाढते. सकाळी चालतं आणि तासाभराने अडखळतं, याचं कारण बहुधा इथेच आहे, दातांत नाही. म्हणून बॉडीची खोली आणि गिअरचा फेस वेगवेगळे मोजून वजाबाकी करू नकोस. दोन्ही गिअर बॉडीत बसव, वर डायल लावून थेट फरक घे.

आणि बाजूच्या प्लेटवर दात जुळतात तिथे उथळ खाचा असतील, नखाएवढ्या. नवीन पोरं त्या टूलच्या खुणा समजून सोडून देतात. दोन दातांमध्ये अडकलेलं तेल त्या खाचांतून निघून जातं. खाचा नसतील तर त्या तेलाला जायला वाट नाही, पंप किंचाळतो आणि बुश लवकर जातात. त्यांची जागा, लांबी, खोली सगळं जसंच्या तसं घे.

एक मोह तुला होणार, म्हणून आधीच सांगतो. ३८.१० ला ३८ करू, १९.०५ ला १९ करू, म्हणजे आपल्या रीमरला बरं. अमेरिकेची तीन बी-२९ विमानं १९४४ साली रशियाच्या पूर्व टोकाला उतरली आणि त्यांच्यावरून तुपोलेव यांच्या मंडळींनी टीयू-४ बनवलं, ते १९४७ ला उडालं. तिथेही हाच पेच होता. अमेरिकन पत्रा इंचात, एक-सोळांश म्हणजे १.५८७५ मिलिमीटर, आणि रशियातला पत्रा मिलिमीटरच्या मापात निघायचा. सरसकट जाड घेतला तर विमान जड, सरसकट पातळ घेतला तर कमजोर. एकेका भागाची जाडी पुन्हा ठरवावी लागली. तुझ्या पंपातही एकेक माप बघूनच ठरव. शाफ्ट आणि बुश दोन्ही तूच करणार असशील तर बुशमध्ये १९ चाललं असतं, पण त्याच शाफ्टचं दुसरं टोक मोटरच्या कपलिंगमध्ये जातं. तिथे १९.०५ च हवं. मग दोन मापांचा शाफ्ट कशाला करायचा?

पोर्टचे आटेही तपास. व्यास २०.९५ च्या आसपास आणि इंचाला १४ आटे असतील तर तो अर्धा इंच बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइपचा आटा, ५५ अंशाचा. मेट्रिक समजून टॅप मारू नकोस.

शिनोळी_पॉवरपॅक

अनगोळकर काकांनी सविस्तर लिहिलंय, पण मी दुसऱ्या बाजूने विचारतो. गिअर कॉपी करण्याऐवजी पंपाचं काम कॉपी केलं तर?

वरच्या मापांवरून काढलं, एका फेऱ्याला साधारण १४ सीसी येतात. १४४० आरपीएमची मोटर धरली तर हिशोबाने मिनिटाला २० लिटर. ग्राइंडरच्या टेबलाला प्रेशर फार लागत नाही. १४ सीसीच्या आसपासचा तयार गिअर पंप आपल्याकडे सहज मिळतो. एक अडॅप्टर प्लेट, एक कपलिंग, दोन पाइप. शिवाय पुढच्या वेळी पंप गेला तर गिऱ्हाईक दुकानातून आणेल, कुणाच्या ड्रॉइंगची वाट बघायला नको. आम्ही जुन्या प्रेसवर असंच करतो. रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे प्रत्येक वेळी तीच वस्तू पुन्हा बनवणं असं नाही ना.

फिरण्याची दिशा मात्र आधी बघ. तयार पंप एकाच दिशेचा असतो.

उद्यमबाग_लेथ

शिनोळीकर दादा, हा विचार आम्हीही केला होता. अडचण जागेची आहे. पंप बेडच्या पोटात एका कप्प्यात बसतो, तेलाचे दोन्ही रस्ते बेडच्या कास्टिंगमधूनच आहेत, बाहेरून पाइप नाहीत. बाहेर पंप लावायचा तर बेडला भोकं पाडावी लागतील, आणि ते गिऱ्हाइकाला नको आहे. शिनोळीच्या मशीनवर मात्र तुमची युक्ती सुचवून बघतो.

अनगोळकर काका, शेजारच्या शेडमधून डिस्क मायक्रोमीटर आणला. दोन दातांवर १२.४९, तीन दातांवर १९.९९. वेगवेगळ्या जागी घेतलं तरी वजाबाकी ७.५० च्या आगेमागेच. म्हणजे १० डीपी, २० अंश! तळाचा व्यास २६.६५. प्लेटवर खाचा आहेत, दोन, तुम्ही म्हणालात तशाच, आणि एक तर गाळाने पूर्ण भरली होती, धुतल्यावर दिसली. बॉडीत सक्शनकडे पायरी स्पष्ट लागते. डायलवर फट ०.१४ आली, दोन्ही बाजू मिळून.

खानापूर_काजू

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमचं काजूचं युनिट आहे. काजू फोडायच्या मशीनचं एक हेड आपल्याकडेच बनवून घ्यावं असं मनात होतं, तेव्हा मी हे सगळं नीट विचारून घेतलं होतं.

भारतात पेटंट अर्ज केल्यापासून २० वर्षं चालतं, १९७० च्या कायद्याप्रमाणे, आणि इथे घेतलेलं असेल तरच इथे लागू होतं. बाहेरच्या दिसण्याचं डिझाइन रजिस्टर केलेलं असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याने १० वर्षं, वाढवून घेतलं तर आणखी ५. तुमचं मशीन बघता हे दोन्ही केव्हाच उलटून गेलेलं असणार. बाजारातून रीतसर आलेली वस्तू उघडून मोजणं हा काही गुन्हा नाही. एखाद्या कंपनीतून कुणी ड्रॉइंग पळवून आणलं आणि त्यावरून बनवलं, तर ती गोष्ट पूर्ण वेगळी. त्या वाटेला जाऊ नका, आपल्या भागात असे कागद फिरतात.

माझं काजूचं मशीन नवं होतं, बनवणारा अजून बाजारात उभा होता. पेटंट ऑफिसच्या साइटवर मोफत शोधता येतं, तिथे शोधलं तर त्या हेडवर चालू पेटंट निघालं. मग मी त्या माणसाकडूनच हेड विकत घेतलं. त्याने डोकं लावून काढलेली गोष्ट आहे, त्याच्या पोटावर का यायचं? तुमच्याकडे तसं कुणी उरलेलंच नाही, तेव्हा बिनघोर करा.

फक्त एक सांभाळा. बॉडी नव्याने ओतणार असाल आणि पॅटर्न जुन्या बॉडीवरून काढणार असाल, तर तिच्यावरची कंपनीची उठावदार अक्षरं घासून काढा. नाहीतर तुमच्या मालावर त्यांचं नाव येईल, आणि ते बरोबर नाही. नाव तुमचं घाला, ओ. बेळगावचं घाला.

अनगोळचा टूलरूमवाला

शाब्बास. मापं एकमेकांना धरून आहेत. बघ कशी.

१० डीपीला करेक्शन शून्य असतं तर दोन दातांवर ११.६७ यायला हवं होतं. तुझं १२.४९ आहे. करेक्शन ०.५, म्हणजे अर्ध्या मॉड्यूलएवढं, धरलं तर नवीन गिअरवर १२.५४ येतं, आणि बाहेरचा व्यास १२ अधिक २ अधिक १, पंधरा भागिले दहा, बरोबर दीड इंच. तळाचा व्यास २६.६७ निघतो, तुझा २६.६५. आणि ०.५ करेक्शनच्या अशा दोन गिअरचं सेंटर गणिताने ३२.५७ येतं. तू मँड्रेलने ३२.५८ मोजलंस. चार मापं चार वाटांनी एकाच जागी येऊन मिळाली. इतक्या वर्षांपूर्वी इंग्लंडात कुणीतरी ड्रॉइंगवर काय लिहिलं होतं ते आता तुझ्या वहीत आहे. मला याहून मोठा आनंद या धंद्यात दुसरा मिळालेला नाही.

१२.५४ आणि १२.४९ यातली पाच शतांश सगळी झीज समजू नकोस. दात जुळताना थोडी ढील लागते, ती मूळचीच दिलेली असणार. किती, ते गिअरवरच शोध. पंप एकाच दिशेने फिरतो, म्हणून दाताची एक बाजू चकचकीत असेल आणि दुसऱ्या बाजूवर कापल्याच्या बारीक रेघा अजून दिसतील. भिंगाखाली धर. चकचकीत बाजूला हाताला कड लागत नसेल तर झीज नगण्य आहे, मग १२.५० ठेव. कड लागत असेल तर १२.५१ ते १२.५२.

हॉब साधा १० डीपी, २० अंशाचा घे. करेक्शनसाठी वेगळा हॉब लागत नाही. ब्लँक ३८.१० चा, खोली ५.७१५. टोकाला साधारण पाऊण मिलिमीटर सपाटी उरेल, ती बॉडीला सील करते, तिच्यावर चॅम्फर मारू नकोस.

तुझी फट ०.१४ आहे, अशा पंपाला ती फारच जास्त. दोन्ही बाजू मिळून ०.०५ च्या आसपास आण. त्यासाठी नवा गिअर जाड करायच्या आधी बाजूच्या प्लेट सरफेस ग्राइंडरवर सपाट करून घे, त्यांच्यावर गिअरने गोल चाकोरी पाडलेली असणार. पण प्लेट घासल्या की खाचा तेवढ्या उथळ होतात. आधी त्यांची खोली लिहून ठेव, मग घास, मग खाचा पुन्हा तेवढ्याच कर. गिअरचा फेस सगळ्यात शेवटी, बॉडीची खोली बघून. दोन्ही गिअर एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड कर, त्यांच्यात फरक अजिबात नको.

मटेरियलसाठी जुना गिअर लॅबमध्ये दे. स्पेक्ट्रो (धातूत काय काय आहे त्याची तपासणी) कर, आणि एक दात कापून केसची, म्हणजे वरच्या कडक थराची, खोली आणि आतल्या गाभ्याची हार्डनेस वेगळी काढून घे. वरून नुसती रॉकवेल हार्डनेस घेऊन समाधान मानू नकोस. वरून ६० येणारा गिअर आरपार कडकही असू शकतो आणि नुसता केसचाही. केसचा निघाला तर २०एमएनसीआर५ चालेल. दोन गिअर असताना एक कापायला जीव जातो, पण नवे बनवायचेच आहेत, तेव्हा काप.

बॉडीचं काय करणार आहेस? सक्शनची पायरी किती खोल आहे ते लिही. दहा-बारा शतांशाच्या आत असेल तर ती बॉडी अजून चालेल.

उद्यमबाग_लेथ

काका, पायरी सात-आठ शतांश आहे. मग या सेटला जुनीच बॉडी ठेवतो. शिनोळीच्या सेटसाठी नवी ओतायची झाली तर पॅटर्न (साच्याचा नमुना) मोठा करावा लागेल ना, कास्टिंग थंड होताना आक्रसतं म्हणून? बाबा म्हणतात शंभराला एक.

अनगोळचा टूलरूमवाला

बाबा बरोबर सांगतायत, ग्रे कास्ट आयर्नला शंभराला एक. त्यावर जिथे मशीनिंग आहे तिथे तीन मिलिमीटर वेगळे. जुन्या बॉडीवरून थेट साचा काढला तर कास्टिंग लहान येईल आणि बोअरला मालच उरणार नाही, म्हणून पॅटर्न ड्रॉइंगवरून कर. तेलाच्या रस्त्यांचे कोअर (ओतताना पोकळी ठेवणारे वाळूचे ठोकळे) आधी पॅटर्नमेकरला दाखव. ते बेडच्या भोकांशी जुळायला हवेत, तेव्हा ती मापं पंपावरून न घेता मच्छेला जाऊन बेडवरून घे. जाशील तेव्हा सांग, मी गुरुवारी मोकळा असतो, माझा उंची मोजायचा गेज घेऊन येतो.